बुलेटचे पुशरॉड : टॅपेटचा आवाज गेला, सोबत किकचा दमही गेला

मुनीम_औसा | शनिवार, रात्री ९.४०

रामराम मंडळी. इतके दिवस नुसता वाचक होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

गाडी बुलेट स्टँडर्ड ३५०, १९९१ ची, एमएच २४. कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट), उजव्या पायाला गिअर. गाडी आबांची. औशाचा बाजार, लातूरचा मोंढा, बहिणीचं सासर, सगळीकडं हीच. आबा गेल्यावर वर्षभर कडब्याच्या गंजीशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. या पावसाळ्यात बाहेर काढली. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, टायर-ट्यूब नवे टाकले. पाचव्या किकला सुरू झाली. आई ओट्यावर येऊन उभी राहिली होती.

इथवर सगळं बरं होतं. मग मलाच अवदसा आठवली. इंजिन तापलं की उजव्या बाजूनं बारीक टिकटिक यायची. लातूरला एका गॅरेजवर दाखवली. मिस्त्री म्हणाला, टॅपेट ढिल्ले झालेत, आवाज काढून देतो. औशाहून वीस किलोमीटर चालवत गेलो होतो, ब्लॉकला हात टेकवत नव्हता. त्यानं फडकं धरून उजवीकडचं कव्हर काढलं, पाने लावले, दहा मिनिटांत कव्हर बंद. तीनशे रुपये. आवाज खरंच गेला. परत येताना गाडी इतकी गुमान चालली की मीच खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी किकला दमच नाही. आधी डिकॉम्प्रेशन (सिलेंडरमधली दाबलेली हवा सोडणारा लिव्हर) ओढल्याशिवाय मी किकवर उभा राहिलो तरी ती खाली जायची नाही. आता हातानं दाबली तरी जाते. तीस-पस्तीस किका मारल्यावर सुरू होते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. पाच-सात किलोमीटर गेल्यावर जरा माणसात येते. रात्रभर थंड झाली की सकाळी परत तेच.

मिस्त्री म्हणतो, आता पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागंल. मला ते पटंना. काल संध्याकाळी चालत होती आणि आज सकाळी रिंगा गेल्या? पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व उचलणाऱ्या त्या लांब दांड्या, मी स्वतः सेट करू शकतो का? फिलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचा, आकडा किती?

डुगडुग_२६ | शनिवार, रात्री १०.०५

मुनीमजी, स्वागत. तीनशे रुपये देऊन किक हलकी करून घेतली म्हणा. आमच्या नांदेडला लोक गुडघा दुखतो म्हणून हजारो घालून सेल्फ बसवून घेतात, तुमचं स्वस्तात झालं. :)

चेष्टा सोडा. घाबरू नका, हे घरी होणारं काम आहे. जाणकार येतीलच.

जालनेकर | शनिवार, रात्री १०.३०

पुशरॉडला हात लावायच्या आधी डिकॉम्प्रेशनची केबल बघा. हेडमध्ये त्याचा वेगळा छोटा व्हॉल्व असतो. केबल ताणलेली राहिली किंवा तो व्हॉल्व कार्बननं अडकला तर कॉम्प्रेशन सरळ एक्झॉस्टच्या वाटेनं पळतं. लक्षणं सेम टू सेम. लिव्हरला थोडा ढिलेपणा हवा. दोन मिनिटांचं काम, फुकट.

बालाघाटी | शनिवार, रात्री ११.१५

केबल बघा, पण माझी पैज आहे की दोष टॅपेटचाच.

गेली बावीस वर्षं कास्ट आयर्न चालवतो. बीड ते धाराशिव हा रस्ता डांबरी एकपदरी होता तेव्हापासून. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आवाज करणारा टॅपेट खिशातून दहा रुपये खातो, गुमान बसलेला टॅपेट व्हॉल्व खातो. या इंजिनाला गरम झाल्यावर थोडी टिकटिक असतेच. असायलाच पाहिजे. ज्यांना स्प्लेंडरचा कान आहे त्यांना ती सहन होत नाही, मग मिस्त्री गिऱ्हाइकाला खूश करायला आवळून देतात. तुमचं तेच झालंय.

मुनीम_औसा | रविवार, सकाळी ८.१०

जालनेकर, केबल बघितली. लिव्हर बोटभर मोकळी हालते. पार काढून ठेवली तरी किक तशीच. म्हणजे तिथं काही नाही.

बालाघाटी, मग ढिल्ले करू का? किती?

पाथरीची_लेक | रविवार, सकाळी ९.००

मुनीम भाऊ, तुम्हीच तुमच्या पहिल्या पोस्टमधे उत्तर लिहून ठेवलंय. "ब्लॉकला हात टेकवत नव्हता." मिस्त्रीनं टॅपेट गरम इंजिनावर सेट केले.

थोडं सविस्तर लिहिते. आमच्या अण्णांचं पाथरीला पंपाच्या इंजिनांचं दुकान होतं. जायकवाडीचं पाणी आलं तेव्हा कालव्याच्या कडेनं शेतकऱ्यांची डिझेल इंजिनं रांगेनं धडधडायची, आणि त्यातली निम्मी महिन्यातून एकदा आमच्या दारात. त्यांनाही पुशरॉडच असतात. कॅम (उंचवट्याची फिरती चकती) खाली, व्हॉल्व वर, मधला निरोप पोचवायला लांब दांडी. बुलेटचं गणित तेच. फरक इतकाच की पंपाच्या इंजिनाला फट वर रॉकरपाशी फिलर गेज घालून मोजायची, आणि जुन्या बुलेटला ती खाली, सिलेंडरच्या उजव्या कुशीत, पुशरॉडच्या बुडाशी बोटानं बघायची. म्हणून फिलर गेजचा आकडा विचारू नका. रॉडचं टोक वाटीत बसलेलं असतं, तिथं पट्टी शिरत नाही.

आता गरम-थंडचं. कास्ट आयर्न म्हणतात तो ब्लॉक, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ब्लॉक आणि हेड मिळून जितके उंच होतात तितका आतला रॉड वाढत नाही, कारण तो त्यांच्याइतका तापत नाही. म्हणजे गरम इंजिनात फट वाढते. तीच तुमची टिकटिक. मिस्त्रीनं ती वाढलेली फट शून्य केली. रात्री इंजिन थंड झालं, ब्लॉक-हेड आखडले, आणि रॉड मधे खुंटीसारखा अडकून बसला. व्हॉल्व केसभर उघडाच. सकाळी कॉम्प्रेशन कुठून राहील? चालवून तापली की परत फट मिळते, गाडी माणसात येते. तुम्ही लिहिलं ते सगळं जुळतं. रिंगा गेल्या असत्या तर गरम झाल्यावर बरी झाली नसती, बिघडली असती.

म्हणून नियम एकच. रात्रभर उभी असलेल्या गाडीवर, सकाळी, किक मारायच्या आधी हे काम करायचं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हातानं फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आणा. कव्हरला मधे एकच नट आहे. खाली जुनं ताट ठेवा, वाटीभर तेल येईल. आत दोन रॉड दिसतील. एकेकाच्या बुडाशी तीन षटकोनी, मधला चेकनट, म्हणजे जागा पक्की धरणारा. पाने पातळ हवेत, जाड पाना तिथं बसत नाही. जुन्या टूलकिटमधे असायचे. आबांच्या पेटीत शोधा, असतील.

चेकनट ढिल्ला केला की वरचा आणि खालचा भाग एकमेकांत आट्यावर फिरतात. लांब सरकले की रॉड लांब, फट कमी. जवळ आले की फट जास्त. मग पाने बाजूला ठेवा आणि रॉड अंगठा आणि पहिल्या बोटात धरा. तो गोल फिरला पाहिजे, नुसता, जोर न लावता, वातीला पीळ देतो तसा. पण वरखाली हलवला तर टकटक लागता कामा नये. फिरतो पण हालत नाही, तिथं थांबायचं. चेकनट आवळा आणि परत फिरवून बघा, कारण आवळताना तो हमखास थोडा सरकतो. मला पहिल्यांदा एका रॉडला चार वेळा करावं लागलं होतं, अण्णा बाजूला चहा पीत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

काटेकोर | रविवार, सकाळी १०.२०

वाळूजला ऑटो पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळं "बोटानं बघा" वाचून पोटात गोळा आला. पण मुद्दा बरोबर आहे. हेडचं ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पुशरॉडसुद्धा हलक्या मिश्रधातूचे आहेत, नाहीतर हा फरक अजून मोठा पडला असता.

एक शंका. बोटाला शून्य म्हणजे किती? माझं बोट आणि ताईंचं बोट एक नाही.

पाथरीची_लेक | रविवार, सकाळी १०.४५

नाहीच. पण रॉड फिरणं आणि न फिरणं यात तुमच्या-माझ्या बोटाचा फरक पडत नाही. अडकलेला रॉड पैलवानालाही फिरवता येत नाही, आणि मोकळा रॉड पोरगंही फिरवतं.

बालाघाटी | रविवार, सकाळी ११.३०

ताईंनी लिहिलं त्यात एक पुरवणी. इनलेटला (पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व) शून्य ठीक. एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणारा) मी केसभर जास्त ठेवतो, म्हणजे वरखाली केलं तर बोटाला नुसता स्पर्श कळावा. मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट दोन माणसं आणि तुरीच्या पोत्यासकट चढलाय का कोणी? एक्झॉस्ट व्हॉल्वला थंड व्हायला सीटवर टेकलेला वेळ तेवढाच मिळतो. तो टेकलाच नाही तर जळतो. मॅन्युअल लिहिणाऱ्यानं विलायतेतली थंडी धरली होती, परभणीचे पंचेचाळीस अंश नाही.

काटेकोर | रविवार, दुपारी १२.१०

बाहेर पाच अंश असो की पंचेचाळीस, व्हॉल्वच्या तोंडाशी कित्येक शे अंश असतात, तिथं हवामानानं फार फरक पडत नाही. पण वर्षानुवर्षं घासून सीट खाली बसते आणि फट आपोआप कमी होते, हे खरं. शिवाय ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातली. शिसं सीटला वंगणासारखं उपयोगी पडायचं. देशभर ते २००० साली बंद झालं. तेव्हा जुन्या हेडला एक्झॉस्ट केसभर मोकळा ठेवण्यात माझ्या मते शहाणपण आहे. कारण मात्र घाट नव्हे.

डुगडुग_२६ | रविवार, दुपारी १२.२५

शिशावरून आता कोणीतरी इथेनॉल काढणार. मागच्या वेळी त्यावरून धागा उसाच्या एफआरपीवर गेला होता. कृपया नको.

बालाघाटी | रविवार, दुपारी १२.४०

कारण काहीही असो, केसभर मोकळा ठेवायचा यावर तर एकमत झालं ना? मग घाटाला कशाला नावं ठेवता.

मुनीम_औसा | रविवार, रात्री ९.१५

ताई, पेटीत पाने सापडले! बारीक, पातळ, एका सुतळीत ओवलेले. आबांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या रंगाचा ऑइलपेंट लावून ठेवलाय. उद्या आडत बंद आहे, पहाटे बसतो.

मुनीम_औसा | सोमवार, सकाळी ११.००

घोळ झाला.

पहाटे साडेपाचला बसलो. प्लग काढला, भोकातून बॅटरीचा उजेड टाकून पिस्टन वर आला ते डोळ्यांनी बघितलं. मागच्या चाकाला खडूची खूण केली. दोन्ही रॉड आधी जरा आवळलेलेच होते, फिरत नव्हते. तुम्ही सांगितलं तसं केलं. फिरतो पण हालत नाही. मन लावून केलं, दीड तास लागला.

किक मारली. किक कडक! जुनी बुलेट परत आली असं वाटलं, दुसऱ्या किकला सुरू. पण आवाज? पत्र्याच्या शेडवर गारा पडतात तसा. शेजारचा म्हातारा काठी टेकत बघायला आला. चालवून बघितली, ओढच नाही, तिसऱ्या गिअरला धापा टाकते. लगेच बंद केली. मी काय चुकलो?

पाथरीची_लेक | सोमवार, सकाळी ११.२०

अरे देवा. भाऊ, पिस्टन वर आलेला बघितलात, पण कोणत्या स्ट्रोकला?

चार स्ट्रोकमधे पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व बंद आणि दोन्ही रॉड कॅमच्या पाठीवर, म्हणजे उंचवटा नसलेल्या बाजूवर. दुसऱ्यांदा एक्झॉस्ट संपताना, तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडत असतो, दोन्ही अर्धवट उघडे. तुम्ही या दुसऱ्या जागेवर सेट केलं. कॅमनं रॉड वर उचललेला असताना फट शून्य केली, मग कॅम खाली गेल्यावर तिथं खिंडार पडलं. म्हणून व्हॉल्व पूर्ण बंद होतायत, किक कडक झाली. पण उघडताना आधी ती मोठी फट भरायची आणि मग ठोसा मारून उघडायचं, म्हणून गारा. व्हॉल्व कमी उघडतो म्हणून ओढ नाही.

नुकसान झालेलं नाही, पण असं चालवू नका.

बालाघाटी | सोमवार, सकाळी ११.३५

या चुकीतून सगळे गेलेत. मी स्वतः एकदा हेच करून गेवराईपर्यंत गेलो होतो.

डोळ्यांनी पिस्टन बघू नका. बुलेटला देवानं अँपिअर मीटर दिलाय. चावी चालू करा, दिवा बंद, आणि किक हळूहळू पायानं दाबत जा. काटा उणेकडं झुकतो, दाबत राहा, एका जागी काटा टुणकन मधे येतो. पॉइंट उघडले. या इंजिनाचे पॉइंट कॅमच्या वेगानं फिरतात, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच उघडतात, आणि तेही कॉम्प्रेशनलाच. तिथून नखभर पुढं घेतलं की तुम्ही बरोबर जागेवर. अगदी अंशात टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) शोधायची गरजही नाही, त्या भागात दोन्ही कॅम बऱ्याच वेळ सपाट असतात.

मुनीम_औसा | सोमवार, दुपारी १.००

बॅटरी मेली आहे हो. काटा हालतच नाही. गाडी नुसती पळाली की दिवा लागतो. :(

जालनेकर | सोमवार, दुपारी १.१५

प्लगच्या भोकावर अंगठा. चाक फिरवा. ज्या वेळी अंगठा उडतो ती कॉम्प्रेशन. नवीन बॅटरी मागाहून घ्या.

पाथरीची_लेक | सोमवार, दुपारी १.३०

किंवा रॉडच बघा. इनलेटचा रॉड वर जाऊन खाली आला की त्यानंतर पिस्टन जो वर येतो तो कॉम्प्रेशनला. इनलेटचा कोणता हे कळत नसेल तर वरची रॉकरची दोन झाकणं काढा. कार्बोरेटरकडचा इनलेट, बेंड पाइपकडचा एक्झॉस्ट. कोणता रॉड कोणाला उचलतो ते चाक फिरवताना दिसतं.

प्लगच्या भोकात धाटाची काडी वगैरे घालू नका. भोक तिरकं आहे, काडी आत मोडली की पुढचे दोन दिवस तीच शोधत बसाल.

मुनीम_औसा | मंगळवार, सकाळी ८.५०

जमलं!

पुतण्याला उठवलं, सातवीला आहे. तो बसला प्लगपाशी अंगठा लावून, मी मागं चाक धरून. पिस्टन पहिल्यांदा वर आला तेव्हा काही नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा फुर्रर्र झालं आणि हा हसून हसून लोळला, मग त्याला तेच परत परत करायचं होतं. चार-पाच वेळा केलं, त्यामुळं खात्री तरी झाली. इनलेट शून्य. एक्झॉस्टला बालाघाटींचा केस. चेकनट आवळल्यावर एक्झॉस्ट खरंच सरकला होता, परत केला. मग चाक दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पुन्हा दोन्ही रॉड तपासले, पुतण्याच्या बोटानंही तपासले, कारण ताई म्हणाल्या होत्या पोरगंही फिरवतं.

तिसऱ्या किकला सुरू. थंड असताना आवाज नाही. औशाच्या वेशीपर्यंत जाऊन आलो, तापल्यावर बारीक टिकटिक आली. तीच जुनी.

कव्हर बसवताना नट जरा जोरात आवळला, आता कव्हरच्या कडेनं तेल पाझरायलंय. त्याला काय?

डुगडुग_२६ | मंगळवार, सकाळी ९.२०

अभिनंदन! पेढे.

जालनेकर | मंगळवार, सकाळी ९.३०

नट आवळून तेल थांबत नाही, वाढतं. मधेच एक नट, जास्त पिळला की कव्हर वाकतं आणि कडा उचलतात. कव्हर काचेवर उलटं ठेवून डुलतंय का बघा. डुललं तर काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून घासा. नवीन गॅस्केट टाका आणि नट नुसता बसवा, वर पाव फेरी. बस.

मुनीम_औसा | अठरा दिवसांनी, रात्री ८.३०

धागा वर काढतोय, क्षमस्व.

कव्हर घासलं, तेल थांबलं. गाडी छान चालली. साडेतीनशे किलोमीटर झाले असतील, किल्लारी, निलंगा, दोनदा तुळजापूर. आज सकाळी परत किक हलकी वाटली. संशय आला म्हणून थंड इंजिनावर कव्हर उघडलं. इनलेट मस्त फिरतोय. एक्झॉस्ट गच्च. चेकनट ढिल्ला झालेला नाही, मी खडूची रेघ मारली होती, ती जुळते. मग फट गेली कुठं?

बालाघाटी | अठरा दिवसांनी, रात्री ९.००

वर गेली. रॉड लांब झाला नाही, व्हॉल्व आत बसला. साडेतीनशेत एवढं खाली बसतंय म्हणजे एक्झॉस्टची सीट किंवा व्हॉल्वची कड खराब झालीय. आणखी ढिल्लं करून चालवू नका, हेड उतरवायचं.

आधी खात्री करा. कॉम्प्रेशनवर आणून किकवर भार द्या आणि कान लावा. कार्बोरेटरमधे सुस्कारा आला तर इनलेट, सायलेन्सरच्या तोंडाशी आला तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा.

मुनीम_औसा | एकोणिसाव्या दिवशी, सकाळी ७.३०

पुतण्या सायलेन्सरला कान लावून बसला. सुस्कारा तिथूनच.

मुनीम_औसा | पंचविसाव्या दिवशी, रात्री ९.५०

हेड उतरवलं. लातूरला लेथवाल्याकडं नेलं, आधीच्या गॅरेजकडं नाही. त्यानं हेड उलटं धरून चेंबरमधे रॉकेल ओतलं. इनलेटच्या बाजूनं थेंब नाही. एक्झॉस्टच्या भोकातून धार. व्हॉल्व काढला तर त्याच्या कडेला एका जागी नखाएवढा तुकडा गेलेला, उंदरानं भाकरीचा कोर कुरतडावा तसा, आणि बाजूला पांढुरकं. व्हॉल्व माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "हे एका महिन्याचं काम न्हाई मालक, हे लई दिवसांपासून जळायलंय."

नवीन व्हॉल्व, सीट कापली. पेस्ट लावून घासायचं काम त्यानं मला करू दिलं. लाकडी दांड्याला रबरी वाटी, दोन्ही तळहातांत धरून ताकाच्या रवीसारखं अर्धवट पुढं, अर्धवट मागं. मधून उचलायचं, थोडं फिरवून परत टेकवायचं. अर्ध्या तासानं कडेला सगळीकडं सारखी राखाडी रेघ उमटली. पुन्हा रॉकेल ओतलं, थेंब नाही.

ताई, मिस्त्रीवर उगाच राग धरला का मी?

पाथरीची_लेक | पंचविसाव्या दिवशी, रात्री १०.३०

थोडा. व्हॉल्व आधीपासून जळत होता, ते लेथवाले बरोबर बोलले. पण गरम इंजिनावर आवळून आवाज मारायचा आणि किक गेल्यावर रिंगांवर ढकलायचं, हे त्याचंच.

महत्त्वाचं. हेड बसवल्यावर पुशरॉड नव्यानं सेट करायचे, जुनी खडूची रेघ विसरा. इंजिन एकदा तापवा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी हेडचे नट पुन्हा आवळा आणि मग रॉड परत तपासा. नवं गॅस्केट दबतं, हेड किंचित खाली येतं, फट जाते. पुढं शंभर आणि पाचशेला बघा. नवी सीट बसेपर्यंत थोडं बदलतंच.

मुनीम_औसा | दीड महिन्यानं, सकाळी ८.००

सांगितल्याप्रमाणं शंभरला एक्झॉस्ट किंचित आवळलेला होता, सोडवला. काल ५२० झाले, दोन्ही रॉड फिरतात. नवीन बॅटरी बसवली, आता अँपिअर मीटरचा काटा टुणकन मधे येतो, बालाघाटी म्हणाले तसाच.

परवा तुळजापूरहून आलो. गाडी लावली तर आई आतून म्हणाली, "आवाज करायली बग परत, दाखवून आण कुठंतरी." तिला म्हणलं, दाखवली तर आणखी महिना जाईल.

काटेकोर | दीड महिन्यानं, सकाळी १०.१५

वाचनखूण साठवली. आमच्या लाइनवरच्या पोरांना पाठवतो.

क्लासिकवाला | दीड महिन्यानं, दुपारी ३.३०

छान धागा. माझी क्लासिक ३५०, २०१४ ची, हिंगोली. सकाळी सुरू केली की दहा-पंधरा सेकंद टॅपेटचा आवाज येतो, मग बंद होतो. कव्हर उघडून बोटानं बघू का? पाने कुठं मिळतील?

पाथरीची_लेक | दीड महिन्यानं, दुपारी ४.००

नका उघडू. २००९-१० च्या सुमारास आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात असलेल्या) इंजिनात पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक, फट तेलाच्या दाबानं आपोआप भरते. फिरवायला काही नाहीच. रात्रीत तेल खाली उतरतं, सकाळी भरेपर्यंत खडखडतं.

तेल कधी बदललंय, आणि कोणत्या ग्रेडचं?